‘हिडन फिगर्स’ दाखवल्यानंतर विद्यार्थ्यांना काय सांगावे?

वर्गशिक्षिका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. गेल्या पंधरवड्यात नववीच्या वर्गाला मी ‘हिडन फिगर्स’ हा २०१६ चा चित्रपट दाखवला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टन येथील लँगली संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ती कथा आहे. गणिताच्या तासाला चुळबुळ करणारी मुलेसुद्धा शेवटपर्यंत जागची हलली नाहीत.

सर्वांत जास्त टाळ्या एका प्रसंगाला मिळाल्या. कॅथरीनच्या इमारतीत तिला वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते, म्हणून ती कागदपत्रे छातीशी धरून रोज अर्धा मैल धावत जाते. एक दिवस भर पावसात भिजून परतल्यावर साहेब तिला जाब विचारतात, आणि इतके दिवस साठलेले सारे ती सगळ्यांसमोर बोलून टाकते. त्यानंतर ते साहेब स्वतः लोखंडी गज घेऊन स्वच्छतागृहावरची वर्णभेदाची पाटी तोडून काढतात.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने मला विचारले, “बाई, ते साहेब तिथे नसते, तर ती पाटी तशीच राहिली असती का?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचन केले तेव्हा समजले की पाटी तोडण्याचा प्रसंग घडलेलाच नाही आणि अ‍ॅल हॅरिसन नावाचे ते साहेबही काल्पनिक पात्र आहे. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. ज्या प्रसंगाने मुले सर्वाधिक भारावली तोच रचलेला असेल, तर त्यांना तसे सांगावे का? सांगितल्यास चित्रपटाने दिलेली उमेद नाहीशी होईल का? आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुन्या_नोंदी

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. पाटी काढली गेली होती, मात्र ती काढणारी व्यक्ती वेगळी होती आणि पाटीही वेगळी होती.

थोडे मागून सांगतो. लँगली हे केंद्र तेव्हा नॅका या विमानविद्येच्या राष्ट्रीय संस्थेचे होते, आणि याच संस्थेतून १ ऑक्टोबर १९५८ रोजी नासा उभी राहिली. तेथे १९३५ मध्ये पाच स्त्रियांचा पहिला गणनविभाग सुरू झाला. अभियंत्यांनी प्रयोगांतून आणलेल्या आकड्यांवर हाताने प्रक्रिया करणे हे त्यांचे काम, आणि त्यांचा हुद्दा ‘कॉम्प्युटर’. आज आपण यंत्राला हा शब्द वापरतो, परंतु त्या काळी तो माणसाच्या हुद्द्याचे नाव होता. आपल्याकडचा जुना ‘गणक’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा आहे, म्हणून पुढे तोच वापरतो.

या गणकांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रवेश मिळाला तो कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. संरक्षण उद्योगांत कृष्णवर्णीयांना काम नाकारले जात होते, त्याविरुद्ध कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये राजधानी वॉशिंग्टनवर हजारोंचा मोर्चा नेण्याची घोषणा केली. त्या दबावाखाली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढून संरक्षण उद्योगांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंशावरून भेदभाव करण्यास मनाई केली. महायुद्धामुळे लँगलीला गणकांची निकड होतीच. १९४३ पासून कृष्णवर्णीय स्त्रिया तेथे रुजू होऊ लागल्या. परंतु व्हर्जिनियातील विभक्ततेचे नियम कायम असल्याने त्यांना केंद्राच्या पश्चिम भागात स्वतंत्र कार्यालय, स्वतंत्र स्वच्छतागृह आणि उपाहारगृहात मागच्या बाजूचे एक वेगळे टेबल देण्यात आले. त्या टेबलावर ‘कृष्णवर्णीय गणक’ अशी पाटी ठेवलेली असे.

पश्चिम विभागातील मिरियम मान यांना ती पाटी सहन होईना. एक दिवस त्यांनी ती उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली, तीही त्यांनी उचलली. पुन्हा नवी आली, पुन्हा त्यांनी ती नाहीशी केली. या पाटीपायी नोकरी जाईल, असे त्यांच्या पतींनी बजावूनही त्या थांबल्या नाहीत. अखेर एके दिवशी पाटी येणे बंद झाले. कोणताही आदेश निघाला नाही, कोणी भाषण केले नाही. ती ठेवणारा थकला आणि उचलणारी थकली नाही, एवढेच घडले. मार्गो ली शेटर्ली यांच्या ज्या पुस्तकावर हा चित्रपट बेतला आहे, त्यात ही हकीकत आली आहे. शेटर्ली स्वतः हॅम्प्टनमध्ये वाढल्या आणि त्यांचे वडील लँगली येथेच काम करत होते, त्यामुळे या स्त्रिया त्यांना लहानपणापासून शेजारच्या, ओळखीच्या होत्या.

स्वच्छतागृहाचा अपमान खरा आहे, पण तो मेरी जॅक्सन यांच्या वाट्याला आला. पूर्व भागात कामासाठी गेल्या असता त्यांनी तेथील गोऱ्या स्त्रियांना स्वच्छतागृह कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्या हसल्या. कॅथरीन यांचा अनुभव निराळा होता. पूर्व भागातील गोऱ्यांच्या स्वच्छतागृहांवर पाट्याच नव्हत्या, त्यामुळे त्या जवळचे स्वच्छतागृह सरळ वापरत राहिल्या आणि पुढे हरकत घेतली गेली तेव्हाही त्यांनी आपला क्रम बदलला नाही.

तेव्हा त्या मुलीला निःशंकपणे सांगा: साहेब नसतानाच पाटी गेली.

कोनमापक

वरील माहितीत भर घालावीशी वाटते ती गणिताच्या बाजूने. आपण गणित शिकवता, म्हणून हे आपल्या अधिक उपयोगाचे ठरेल. चित्रपटात कॅथरीन फळ्यावर भराभर समीकरणे लिहितात आणि सगळे पाहत राहतात. पाहायला ते सुंदर आहे. मात्र त्या नेमके काय काढत होत्या हे प्रेक्षकाला उमगत नाही, आणि मला स्वतःला चित्रपटातील ही उणीव काल्पनिक साहेबांपेक्षा जास्त जाणवली.

प्रश्न असा होता. यान विशिष्ट ठिकाणावरून जावे किंवा विशिष्ट ठिकाणी उतरावे, अशी आपली इच्छा आहे. रॉकेटचे इंजिन विझते त्या क्षणी यानाचा वेग आणि दिशा जी असेल, तिच्यावर पुढचा सारा मार्ग ठरतो. मग त्या क्षणी दिशेचा कोन, म्हणजे दिगंश, किती असायला हवा? म्हणजेच शेवटाकडून सुरुवातीकडे उलटे गणित करायचे. त्यातच यान फिरत असताना खालची पृथ्वीही फिरत असते, तिचा आकार पूर्ण गोल नसून विषुववृत्तापाशी फुगीर असतो, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असते. या प्रत्येक गोष्टीची दुरुस्ती गणितात आणावी लागते.

याच विषयावर टेड स्कोपिन्स्की आणि कॅथरीन जॉन्सन यांचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या विभागात संशोधन अहवालावर स्त्रीचे नाव लेखक म्हणून छापले जाण्याची ती पहिली वेळ होती. आकडेमोड स्त्रियांची आणि अहवालावर नाव अभियंत्याचे, ही तेथील रूढी होती. समीकरणांवर चर्चा होत असे त्या बैठकांनाही स्त्रियांना प्रवेश नसे. कॅथरीन यांनी विचारले की याविरुद्ध काही कायदा आहे का. कायदा नव्हता, केवळ पद्धत होती. त्या विचारत राहिल्या आणि शेवटी त्यांना बैठकीत बसू देण्यात आले. पुढे त्यांच्या नावावर एकट्याने किंवा सहलेखिका म्हणून २६ अहवाल जमा झाले.

आता जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाविषयी. ५ मे १९६१ रोजी अ‍ॅलन शेपर्ड यांनी केलेले उड्डाण केवळ १५ मिनिटांचे होते, वर जाऊन खाली येण्याचे, आणि त्याचा मार्गही कॅथरीन यांनी तपासलेला होता. ग्लेन मात्र पृथ्वीभोवती फिरणार होते. त्यासाठीची गणिते प्रथमच इलेक्ट्रॉनिक संगणकांवर सोपवली होती आणि ही यंत्रे मधूनच बंद पडत, म्हणून उड्डाण करणाऱ्यांचा त्यांच्यावर पुरता विश्वास नव्हता. ग्लेन यांनी सांगितले की त्या मुलीला हे आकडे तपासू द्या, ती बरोबर म्हणाली तर मी जायला तयार आहे. ‘ती मुलगी’ तेव्हा ४३ वर्षांची आणि तीन मुलींची आई होती, हे वर्गात अवश्य सांगावे. त्या काळच्या भाषेत आदर आणि अवहेलना कशा एकत्र नांदत होत्या, हे त्या एका शब्दावरून मुलांना कळेल.

चित्रपटात ही तपासणी उड्डाणाच्या दिवशी, यान सज्ज उभे असताना, काही मिनिटांत उरकते. प्रत्यक्षात ती उड्डाणापूर्वीच झाली आणि तिला दीड दिवस लागला. टेबलावरच्या यांत्रिक गणनयंत्रावर त्यांनी ११ वेगवेगळ्या राशी, प्रत्येकी ८ सार्थ अंकांपर्यंत, काढून संगणकाच्या उत्तरांशी ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. २० फेब्रुवारी १९६२ रोजी ग्लेन यांनी तीन प्रदक्षिणा पूर्ण केल्या. संपूर्ण उड्डाण ४ तास ५५ मिनिटांचे झाले. मला तर धावत आणलेल्या कागदापेक्षा दीड दिवस एका खुर्चीत बसून आठव्या अंकापर्यंत पोहोचणारी ती स्त्री अधिक थोर वाटते. आपल्या विद्यार्थ्यांना एखादे उदाहरण आठ सार्थ अंकांपर्यंत हाताने सोडवायला द्या, म्हणजे त्यांनाही ते पटेल.

पडदा_आणि_प्रेक्षक

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरीही चित्रपटाच्या बाजूने काही बोलणे मला आवश्यक वाटते, कारण चर्चा अशीच पुढे गेली तर तो असत्याचा संग्रह आहे असा ग्रह होईल.

१२७ मिनिटांत दोन दशकांचा काळ मांडायचा असेल, तर घटना एकत्र आणाव्याच लागतात. दिग्दर्शक थिओडोर मेल्फी यांनी १९४३ पासूनच्या अनेक गोष्टी १९६१ आणि १९६२ या दोन वर्षांत गुंफल्या आहेत. मेरी यांचा अपमान कॅथरीन यांच्या वाट्याला दिला, अनेक अधिकाऱ्यांचे मिळून एक हॅरिसन घडवले. यातले पहिले मला पूर्ण मान्य आहे. त्या केंद्रातल्या शेकडो स्त्रियांनी जे सोसले ते तीन चेहऱ्यांवर आणल्याशिवाय प्रेक्षकापर्यंत पोहोचले नसते.

याशिवाय या चित्रपटाने एक अवघड गोष्ट साधली आहे. अत्याचाराच्या कथेत सोसणाऱ्या व्यक्ती बहुधा केवळ दुःखी दिसतात. येथे ताराजी पी. हेन्सन, ऑक्टेव्हिया स्पेन्सर आणि जनेल मोने यांनी रंगवलेल्या स्त्रिया हसतात, पत्ते खेळतात, एकमेकींची चेष्टा करतात, बंद पडलेली गाडी स्वतः दुरुस्त करतात. बुद्धिमान असणे हा त्यांच्या जगण्याचा सहज भाग आहे, त्यासाठी त्यांना कोणाची साक्ष लागत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी पडद्यावर हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. चित्रपटाचे नावही अर्थपूर्ण आहे, कारण इंग्रजीतील ‘फिगर’ म्हणजे आकडाही आणि व्यक्तीही; दोन्ही दृष्टीआड राहिल्या होत्या.

पाटी तोडण्याच्या प्रसंगाचे समर्थन मात्र मीही करणार नाही. तेथे अन्याय सोसणारी स्त्री बाजूला उभी राहून पाहते आणि तो दूर करण्याचे श्रेय सत्ता हाती असलेल्या पुरुषाला जाते. उड्डाणाच्या वेळी तेच साहेब कॅथरीन यांना नियंत्रण कक्षात घेऊन जातात, तेथेही हाच दोष आहे. ग्लेन उडाले तेव्हा कॅथरीन आपल्या कार्यालयात होत्या. मिरियम मान यांची पर्स पडद्यावर आली असती, तर चित्रपट अधिक खरा झाला असता आणि माझ्या मते अधिक रंगतदारही.

मागच्या_बाकावरून

मला डोरोथी वॉन यांच्याविषयी लिहायचे आहे. या चर्चेत त्यांचे नाव केवळ एकदा आले, आणि चित्रपटानेही त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी तडजोड केली आहे असे मला वाटते.

चित्रपटात वॉन पर्यवेक्षकाचे काम करतात पण पद मिळत नाही, आणि शेवटी फोरट्रान ही संगणकभाषा स्वतः शिकून, सहकारी स्त्रियांनाही शिकवून, त्या ते पद मिळवतात. प्रत्यक्षात पश्चिम गणनविभागाची सूत्रे त्यांच्याकडे १९४९ मध्येच आली होती, आणि त्या संस्थेतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक होत्या. १९५८ मध्ये नासा स्थापन झाली, विभक्त विभाग बंद करण्यात आले आणि वॉन नव्या संगणक विभागात गेल्या, जिथे स्त्रिया आणि पुरुष, गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र काम करत. फोरट्रानवर त्यांनी प्रभुत्व मिळवले हे खरे आहे. परंतु त्यानंतर १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना पुन्हा व्यवस्थापनाचे पद मिळाले नाही, जरी त्यांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. वेगळे बसवणारी व्यवस्था संपली आणि त्याच वेळी त्या व्यवस्थेत कष्टाने मिळवलेले पदही गेले. ही गोष्ट विजयाच्या संगीतावर संपवता येत नाही, म्हणून चित्रपटाने ती उलटी मांडली असावी.

मेरी जॅक्सन यांचेही तसेच. अभियंता होण्यासाठी लागणारे वर्ग ज्या शाळेच्या इमारतीत भरत ती शाळा केवळ गोऱ्यांसाठी होती, म्हणून त्यांना हॅम्प्टन शहराकडे विशेष परवानगी मागावी लागली. चित्रपटात हा प्रसंग न्यायालयात घडतो आणि तो उत्तम वठला आहे. पुस्तकात त्यापुढचा एक तपशील आहे, जो मी विसरू शकत नाही. परवानगी मिळवून मेरी त्या शाळेत शिरल्या तेव्हा त्यांना दिसली एक जुनाट, मोडकळीस आलेली इमारत. याच जागेपासून शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना इतकी वर्षे दूर ठेवले गेले होते! १९५८ मध्ये मेरी अभियंता झाल्या. पुढे बढतीची वाट अडलेली दिसल्यावर १९७९ मध्ये त्यांनी खालची श्रेणी पत्करून केंद्रातील स्त्रियांच्या संधींसाठी काम करणारे पद स्वीकारले. वरिष्ठ अभियंत्याची श्रेणी आपण होऊन सोडणे म्हणजे काय, हे आपल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहा. २०२० मध्ये नासाने आपल्या वॉशिंग्टन येथील मुख्यालयाला मेरी यांचे नाव देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांना जाऊन १५ वर्षे झाली होती.

आणखी एक संदर्भ द्यावासा वाटतो. लँगलीला येण्यापूर्वी वॉन व्हर्जिनियातीलच फार्मव्हिल गावी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलमध्ये गणित शिकवत. १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या त्या शाळेत पुढे त्याच्या दुपटीहून अधिक मुले कोंबली गेली आणि जादा वर्ग डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांमध्ये भरू लागले. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने सर्व मुले वर्गांतून बाहेर पडली. त्यातून उभा राहिलेला खटला, शाळांमधील विभक्तता घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालातील पाच खटल्यांपैकी एक झाला. निकाल मानण्याऐवजी त्या परगण्याने १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद केल्या, आणि त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. म्हणजे ग्लेन पृथ्वीभोवती फिरत होते त्या दिवशी, वॉन यांनी जिथे शिकवले होते त्या गावच्या कृष्णवर्णीय मुलांना जायला सार्वजनिक शाळाच नव्हती. आपले विद्यार्थी त्याच वयाचे आहेत. मला वाटते, बार्बरा जॉन्सची हकीकत त्यांना पाटीच्या प्रसंगाहून दूर नेणार नाही, उलट अधिक आत नेईल.

वर्गशिक्षिका

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आता माझा निर्णय झाला आहे. तो प्रसंग मी वर्गाला पुन्हा दाखवीन, तो कल्पित असल्याचे सांगीन आणि लगेच मिरियम मान यांची हकीकत सांगीन. उमेद कमी होईल ही माझी भीती अनाठायी होती, असे आता वाटते. डोरोथी वॉन यांना नंतर पद मिळाले नाही हेही लपवणार नाही. हे मुलांना जड जाईल, तरी ती ते पेलतील.

‘कोनमापक’ यांना एक विनंती आहे. दिगंशाचे संपूर्ण गणित नववीला झेपणार नाही. पृथ्वी खाली फिरत असल्यामुळे प्रश्न कसा अवघड होतो, एवढे तरी वर्गात दाखवता येईल का?

कोनमापक

सहज दाखवता येईल. पृथ्वीगोल आणि त्याच्यापेक्षा किंचित मोठे तारेचे एक कडे घ्या. कड्याचे केंद्र आणि गोलाचे केंद्र एकच असू द्या आणि कडे विषुववृत्ताशी सुमारे साडेबत्तीस अंशांचा कोन करेल असे धरा. ग्लेन यांच्या कक्षेचा कल तेवढाच होता. कडे फ्लोरिडातील केप कॅनव्हेरलवरून जाईल असा गोल फिरवा आणि तेथे खडूची खूण करा. आता एका मुलीने कडे अजिबात न हलवता धरून ठेवावे.

एका प्रदक्षिणेला सुमारे ८८ मिनिटे लागत होती आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दुसऱ्या मुलीने गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे २२ अंश फिरवावा. यान कड्यावरच्या त्याच जागी परत आले आहे, पण खाली आता केप कॅनव्हेरल नाही, त्याच्या पश्चिमेचा प्रदेश आहे. तेथे दुसरी खूण करा. असे तीनदा करा आणि मग वर्गाला विचारा: तिसऱ्या फेरीनंतर यान अटलांटिक महासागरात ठरलेल्या जागी, वाट पाहणाऱ्या जहाजांजवळ उतरवायचे असेल, तर पहिल्या क्षणी कडे कसे धरायला हवे होते? मुलांना एकदम उत्तर येणार नाही. ती कडे आणि गोल पुन्हा पुन्हा फिरवून पाहतील, आणि त्यासाठी त्यांना पुरेसा वेळ द्यावा. कड्याची जागा बोटांनी शोधायची आहे; कॅथरीन यांनी ती कागदावर शोधली.

गोल फिरवण्याची दिशा आधी स्वतः तपासून घ्या. माझ्याकडून पहिल्या वेळी तो उलटा फिरला होता.